जुन्या टेली लेन्सा आणि आमचं सांगलीतलं दुकान : आमची वाटचाल

दुकान मुळात लग्नाच्या शूटिंगचं. आजही घर चालतं ते ७०-२०० मिमी एफ/२.८ झूम लेन्सवरच, सीझन तोंडावर आला की मिरज-तासगावची पोरं येतात, जुनी देतात, जरा बरी घेऊन जातात, त्यात काय विशेष नाही. नाव झालं ते मोठ्या टेलीमुळं, म्हणजे लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सांमुळं.

एका पेपरमधनं रिटायर झालेल्या काकांनी त्यांची कॅनन ३०० एफ/२.८ विकायला आणून ठेवली. रंग उडालेला, हूडला पोचे, जो येईल तो नाक मुरडायचा. टॉर्च मारला तर आत काच लख्ख! आणि त्याच सुमारास एका बंगल्यातनं अशीच लेन्स आली, चामड्याच्या पेटीत मखमलीवर ठेवलेली, वर ओरखडा नाही आणि आत कडेकडेनं फंगसची जाळी पसरलेली. चामडं ओल धरतं, वर कपाट बंद, मग दुसरं काय होणार. तेव्हापासनं आमचं मत पक्कं झालं, राबवलेली लेन्स घ्यावी, जपलेलीच्या नादी लागू नये. गिऱ्हाईक मात्र अजून चकाकीलाच भुलतंय.

बघायचं कसं, तर अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडायचं, मागनं तिरका टॉर्च मारायचा आणि पुढनं बघायचं. धुळीचे चार कण असणारच, त्याला घाबरू नका, पण दुधाळ थर किंवा काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर हात जोडायचे. २०१९ च्या पुरानंतर तर आम्ही माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला जोडायची कडी) स्क्रूच्या खाचासुद्धा भिंगानं बघतो, वरनं पुसलेला माल असला तरी कृष्णेचा गाळ तिथं बसलेला असतो.

आणि एक, ती १९८७ ची कॅननची ३०० एफ/२.८ एल घेताना मोटर चालू आहे का ते आधी बघा. तिची मॅन्युअल रिंगसुद्धा मोटरवरच चालते, मोटर गेली की हातानं पण फोकस होत नाही आणि पार्ट मिळायची मारामार. मग जवळपास तीन किलोचं वजन नुसतं घरात ठेवायचं. हे आम्ही विकताना स्वतःहून सांगतो, त्यापायी सौदे मोडलेत, मोडू देत.

कॅननच्या जुन्या एफडी माउंटचं तर वेगळंच. १९८७ ला कॅननने ईएफ हे नवं माउंट आणलं आणि एफडीवाल्यांचे हाल झाले, कारण एफडीचं फ्लँज अंतर (माउंटपासनं फिल्मपर्यंतचं) ४२ मिमी आणि ईएफचं ४४, त्या दोन मिलिमीटरमुळं साध्या अडॅप्टरवर इन्फिनिटी (अगदी लांबचा) फोकस मिळत नाही. लोकांनी माळ्यावर टाकून दिल्या. मिररलेस (आत आरसा नसलेले कॅमेरे) आलं, तिथं अंतर १६-२० मिमी, अडॅप्टर बसवा आणि चालू! मग काय, भाव हळदीसारखा चढला. आधी किलोच्या भावात मिळायच्या, आता मालक आधी मोबाइलवर रेट बघतो आणि मग फोन उचलतो.

मायणीला पक्षी बघायला जाणाऱ्यांना मात्र आम्ही अजून १९९३ ची कॅनन ४०० एफ/५.६ एलच देतो. आयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही म्हणून कुरकुर करतात, पण सव्वा किलोची लेन्स हातात धरून उडता पक्षी टिपायचा तर शटर स्पीड वाढवायलाच लागतो, तिथं आयएसचं काय काम?

सध्या निकॉनची ५०० एफ/४ पी शोधतोय. फोकस हातानं, पण आत चिप असल्यामुळं डिजिटल बॉडीवर मीटरिंग (उजेड मोजणं) चालतं. कराड-कोल्हापूर पट्ट्यात कुणाकडं असेल तर कळवा, हूड नसला तरी चालेल, मागचा ड्रॉप-इन (खाचेत सरकवायचा) फिल्टर मात्र पाहिजे, तो ऑप्टिक्सचाच भाग असतो. रंग उडालेली असेल तर आधी आम्हालाच दाखवा.