पर्समधला चाकू कुठला घ्यावा (मुंबईत राहत असाल तर)

घडीचा चाकू घ्यायचाय, कुठला घेऊ, असं ऑफिसात हल्ली कुणीतरी विचारतंच, कारण पार्सलची टेप असो, पेरू असो की नवीन कुर्त्याचा टॅग, माझ्या पर्समधून चाकू निघतो हे आता सगळ्यांना माहितीये. आणि विचारणारा युट्यूबवर रात्र घालवून आलेला असतो, त्यामुळे पहिला प्रश्न स्टीलचाच. अरे बाबा, तू जंगलात चाललायस का? तुला ठाण्याहून सीएसएमटीला जायचंय.

माझं म्हणणं एवढंच की मुंबईत चाकू घेताना आधी इथली हवा बघायची आणि मग गेटवरचा सिक्युरिटीवाला. बाकी सगळं नंतर.

हवेचं आधी. ते डी-२ स्टील सगळ्यांना हवं असतं, धार खूप टिकते हे खरंय, पण त्यात १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बाइडमधे, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या कडक कणांत, अडकून बसतं, म्हणून ते पुरतं स्टेनलेस नाहीच आणि आपल्या पावसाळ्यात ओल्या छत्रीशेजारी पर्समधे पडून राहिलं की पात्यावर तांबूस ठिपके येतात. साध्या कार्बन स्टीलचं तर विचारूच नका, एक कैरी चिरली की पातं करडं-काळं आणि कैरीला लोखंडाचा वास. ओपिनेल नावाचा फ्रेंच चाकू आहे, १८९० पासून बनतोय, बीचच्या लाकडाची गोल मूठ आणि पात्याच्या बुडाशी फिरणारी रिंग, ती फिरवली की पातं लॉक. दिसायला इतका गोड की मला मोह आवरत नाही. पण लाकूड ते लाकूडच, जुलैत फुगतं आणि पातं मुठीत असं रुतून बसतं की नख तुटेल पण ते निघणार नाही. मग मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं जरासं वर येतं, तेवढं चिमटीत धरून ओढायचं. घेणारच असाल तर निदान स्टेनलेसवाला घ्या.

आता गेट. शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रात मोडतं, घरकाम-शेतीची हत्यारं सोडून, म्हणजे आपल्या बोटाएवढ्या पात्याचा तिथे संबंध येत नाही. पण म्हणून बिनधास्त राहू नका, महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात आणि त्यात चाकू स्पष्ट लिहिलेला असतो. शिवाय हे शहर रामपुरीची दहशत बघितलेलं. खटका दाबला की खट्‌कन उघडणारं, काळं, टोकदार काहीतरी तुम्ही लोकलच्या डब्यात काढलंत तर शेजारची बाई पर्स छातीशी धरेल. लाल मुठीचा लहानसा स्विस चाकू काढलात तर तीच बाई म्हणेल, अगं जरा माझ्या संत्र्याला पण दे. लेडीज डब्यात भाजी निवडायची, चिरायची जुनी सवय, तिथे छोट्या पात्याचं कुणाला काही वाटत नाही. मॉल, थिएटर, मेट्रोत मात्र अडवतातच, तिकडे जायचं असेल त्या दिवशी घरी ठेवा. आणि विमानाला चेक-इन बॅगेतच, हातातल्या बॅगेत नाही म्हणजे नाही.

लॉकचा प्रश्न त्यानंतर येतो. स्विस चाकूला बहुतेक वेळा लॉक नसतो, पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबावर पातं उघडं राहतं, उलट्या बाजूने जोर आला की बोटांवर मिटतं. लायनर लॉकमधे मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्यामागे अडते, ती अंगठ्याने बाजूला सारल्याशिवाय पातं मिटत नाही. फळ, टेप, सुतळी एवढंच असेल तर लॉक नसला तरी चालतं, भोसकायचं काम कशाला करताय? जाड पुठ्ठा रोज फाडणारे असाल तर लॉक घ्या.

दुकानात, नागदेवी स्ट्रीटला असो की आणखी कुठे, पातं उघडून टोक चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा, डुगडुगलं तर ठेवून द्या. मग मिटवून वरून बघा, पातं मुठीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे बसलंय का एका बाजूला घासतंय. इंद्रधनुषी रंगाचा, वर कवटीचं चित्र असलेला फुटपाथवरचा चाकू या दोन्हीत हमखास नापास.

धारेचं म्हणाल तर स्विस चाकूचं स्टील मऊसर, धार लवकर जाते पण लावायला पण सोप्पी. सहाण नसेल तर चिनीमातीचा कप उलटा करा, बुडाची ती खरखरीत, चकाकी नसलेली कडा दिसेल, तिच्यावर पातं साधारण २० अंशात टेकवून हलक्या हाताने ओढा, दोन्ही बाजू सारख्या. वर्तमानपत्र न फाटता सर्रकन कापलं गेलं की झालं. आंबे कापल्यावर सांध्यात रस जाऊन चिकट होतो, तेव्हा कोमट पाण्यात उघड-मीट करून नीट सुकवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते नंतर घट्ट होतं.

आणि हो, मागितलात तर माझा मी देते, पण त्याच्या टोकाने चार्जरचा स्क्रू फिरवायचा असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा.