साताऱ्याहून वाई आणि मेणवली, मोटारीशिवाय: तिकीट स्वस्त, दोन टोके महाग

साताऱ्यात राहणाऱ्याने वाईला जाऊन येणे हा खरे तर प्रवासवर्णनाचा विषय नव्हे. तरीही मोटार न बाळगता जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरणे कितपत परवडते आणि कितपत जमते, असे विचारणारे आमच्या ओळखीत वाढले आहेत. कुणी निवृत्त होऊन गाडी विकण्याच्या विचारात आहे, तर कुणी नवी घ्यावी की नाही या पेचात. म्हणून मेणवलीच्या मावशीकडे आईला घेऊन जाताना या वेळी हिशेब मांडून ठेवला. आम्ही तिघे होतो: अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, पत्नी आणि मी. आईचे गुडघे दुखतात, ही बाब हिशेबात धरली नाही तर पुढचे सगळेच आकडे फसवे ठरतील.

शाहूपुरीतून बसस्थानकापर्यंत रिक्षाने ऐंशी रुपये घेतले. मी एकटा असतो तर हे अंतर चालून किंवा राजवाड्यापर्यंत जाऊन तिथून शहरी गाडीने काढले असते, पण आईबरोबर तो प्रश्नच नव्हता. स्थानकात पोहोचल्यावर पहिला निर्णय गाडीच्या निवडीचा असतो आणि इथे नवखा माणूस हमखास घाई करतो. फलाटावर महाबळेश्वरची गाडी आधी लागली की ती वाईवरूनच जाते म्हणून लोक तिच्यात चढतात. शनिवार-रविवारी त्या गाडीत पर्यटकांच्या बॅगा आणि उभे प्रवासी यांतून वाट काढताना वृद्ध माणसाचे हाल होतात. शिवाय काही महाबळेश्वर गाड्या मेढा आणि केळघरमार्गे जातात, त्यांचा वाईशी काही संबंधच नसतो. पाटीवर नुसते शेवटचे गाव न वाचता ‘मार्गे’ काय लिहिले आहे तेही वाचावे आणि वाईपुरतेच जायचे असेल तर साधी सातारा–वाई गाडी धरावी. ती दोन-चार ठिकाणी अधिक थांबते. पण तिच्यात बसायला जागा मिळते.

लालपरीची पहिली पायरी उंच असते. आईला आधी उजव्या हाताने दाराचा उभा दांडा धरायला लावायचा, मग बरा असलेला पाय वर, दुखरा पाय त्यामागून, आणि आपण मागे उभे राहून फक्त पाठीला हात द्यायचा. बगलेत हात घालून ओढले तर तोल जातो. उतरताना हाच क्रम उलटा करायचा, म्हणजे दुखरा पाय आधी खाली. वाहकाला आधीच सांगितले तर बहुतेक वेळा तो घंटी मारण्यापूर्वी थांबतो. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपल्याकडची रीत अजून जिवंत आहे. तिच्याविषयी मत काहीही असो, ज्येष्ठांसाठी राखलेली आसने पुढच्या बाजूला असतात आणि ती नम्रपणे मागितली तर सहसा मिळतात, एवढे सांगतो.

भाड्याचे गणित सोपे आहे. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते आणि जानेवारी २०२५ च्या दरवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे १० रुपये ५ पैसे पडतात. सातारा ते वाई सुमारे पस्तीस किलोमीटर, म्हणजे सहा टप्पे. माझे तिकीट साठ रुपयांच्या थोडे वर गेले. महिला सन्मान योजनेखाली १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे असल्याने पत्नीचे तिकीट तीसच्या आसपास झाले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत असल्याने आईला शून्य रुपयांचे तिकीट मिळाले. ते तिकीट मागून घ्यावेच, आणि आधार कार्ड पर्सच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावे, कारण भरल्या गाडीत वाहक समोर उभा असताना शोधाशोध करणे सगळ्यांनाच जड जाते. पासष्ट ते पंचाहत्तर या वयातल्या पुरुषांनाही निम्मी सवलत आहे. घरातल्या काकांना ती ठाऊक असते, पण मागायचा संकोच वाटतो, असे मी पाहिले आहे.

गाडी वाढे फाटा, लिंब फाटा, आनेवाडी अशी महामार्गाने जाऊन पाचवडला डावीकडे वळते. तासाभराहून थोडा अधिक वेळ लागला. मोटारीने पाऊण तासात झाले असते. वाई स्थानकापासून गणपती आळीचा घाट चालण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे ज्यांना केवळ ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यायचे आहे त्यांना वाईत रिक्षाचीही गरज नाही. मंदिर रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधले. पाठीमागची भिंत माशाच्या आकाराची असल्याने पुराचे पाणी दुभंगून जाते, असे वाईकर सांगतात. पावसाळ्यात कृष्णेला पाणी असेल तर घाटावर उतरण्याचा बेत मात्र आखू नये.

मेणवली तिथून तीन-चार किलोमीटरच आहे आणि आमच्या हिशेबाचे पाणी नेमके तिथेच मुरले. शेअर रिक्षा माणशी वीस रुपयांत जाते, पण ती भरेपर्यंत थांबावे लागते आणि मागच्या बाकावर चौघांना दाटीने बसावे लागते. आईसाठी स्वतंत्र रिक्षा ठरवली: जाताना एकशेवीस, येताना पुन्हा एकशेवीस. मावशीकडे जेवण, गप्पा आणि दुपारची विश्रांती झाल्यावर पत्नी नाना फडणीसांचा वाडा आणि मेणेश्वराजवळची मोठी घंटा पाहून आली. चिमाजी अप्पांच्या १७३९ मधल्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगिजांकडून आलेल्या घंटांपैकी ती एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे. परतीच्या रिक्षासाठी जाताना नेणाऱ्या चालकाचाच फोन क्रमांक घेऊन ठेवावा, कारण संध्याकाळी गावातून वाईकडे निघालेली रिकामी रिक्षा मिळेलच असे नाही.

आता बेरीज. एसटीचे येणे-जाणे तिघांचे मिळून एकशे पंच्याऐंशीच्या आसपास. घर ते स्थानक आणि परत, रिक्षाचे एकशेसाठ. वाई–मेणवलीचे दोनशे चाळीस. एकूण पाचशे पंच्याऐंशी. मोटार लिटरला पंधरा किलोमीटर देते असे धरले, तर या सगळ्या प्रवासाला पाच लिटरांहून थोडे अधिक पेट्रोल, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास, आणि आनेवाडीचा टोल वेगळा. थोडक्यात, बरोबरी. परंतु सत्तर किलोमीटरच्या एसटी प्रवासाला खर्चाचा एक तृतीयांशही लागला नाही, आणि उरलेली रक्कम जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटरच्या रिक्षांनी खाल्ली. मोटारीशिवाय फिरणे महाग की स्वस्त या वादात दोन्ही बाजू एसटीच्या तिकिटाची आणि पेट्रोलची तुलना करत बसतात. माझ्या मते तो वाद चुकीच्या जागी चालला आहे. तिकीट स्वस्तच आहे. विचार करायचा तो घर ते स्थानक आणि स्थानक ते मुक्काम या दोन टोकांचा. स्थानकापासून चालत जाता येईल असे घर आणि स्थानकाजवळचे गंतव्य असेल, तर आमचा हाच प्रवास दोनशेच्या आत झाला असता. वरच्या तुलनेत मोटारीचा विमा, हप्ते, टायर आणि सर्व्हिसिंग धरलेले नाही. गाडी दारात उभी असली तरी तो खर्च चालूच असतो, म्हणून ज्याच्याकडे आधीच मोटार आहे आणि ज्याला अजून घ्यायची आहे, त्या दोघांची उत्तरे वेगळी येतील.

टोकांचा हा नियम रेल्वेला तर अधिकच लागू पडतो. कऱ्हाडला कामासाठी जाताना पॅसेंजरचे तिकीट एसटीपेक्षा कितीतरी कमी पडते, आणि डब्यात पाय मोकळे करता येतात हे सुख निराळेच. पण साताऱ्याचे स्टेशन शहरात नाही, ते माहुलीच्या बाजूला आहे. कऱ्हाडचे स्टेशनही कऱ्हाडात नसून ओगलेवाडीत आहे. दोन्हीकडे रिक्षा करावी लागली की बावन्न किलोमीटरच्या एसटी भाड्याच्या, म्हणजे साधारण नव्वद रुपयांच्या, दुप्पट-तिप्पट खर्च होतो. शिवाय रेल्वेची वाट कोरेगाव, रहिमतपूर, मसूर अशी वळसा घेऊन जाते. म्हणून ज्यांचे काम रहिमतपूर किंवा मसूरच्या बाजूला आहे, किंवा ज्यांना सांगली, मिरज, पुणे असे लांब जायचे आहे, त्यांनी रेल्वे धरावी. सातारा–कऱ्हाडसाठी एसटीच बरी. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली कोल्हापूर–पुणे वंदे भारत साताऱ्याला थांबते, मात्र तिचे भाडे रोजच्या प्रवाशाच्या खिशाला मानवणारे नाही.

रोज जा-ये करणाऱ्यांसाठी मासिक पासाचा विचार महत्त्वाचा आहे. वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो. तीन महिन्यांच्या पासात पन्नास दिवसांच्या भाड्यात नव्वद दिवस मिळतात. सातारा–कोरेगाव हे अंतर चार टप्प्यांचे धरले, तर एका बाजूचे सुमारे चाळीस आणि महिन्याचा पास सुमारे सोळाशे रुपयांचा होतो. लिटरला पन्नास किलोमीटर देणाऱ्या दुचाकीला त्याच अंतरासाठी सव्वीस दिवसांत बाविसशेच्या आसपास पेट्रोल लागते. महिलांनी मात्र पास काढण्यापूर्वी गुणाकार करावा: निम्म्या तिकिटाने सव्वीस दिवस रोज जाऊन-येऊनही हजार-अकराशेच होतात. पैशांचा प्रश्न असा सुटतो, पण वेळेचा सुटत नाही. ज्यांची पाळी रात्री नऊनंतर सुटते त्यांना मी दुचाकी विकण्याचा सल्ला देणार नाही.

सज्जनगड आणि ठोसेघरच्या बाजूला जाणाऱ्यांनी वेगळी सावधगिरी बाळगावी. सज्जनगडाच्या पायऱ्यांपर्यंत गाडी जाते आणि तिथे परतीची फारशी काळजी नसते. ठोसेघरकडच्या फेऱ्या मोजक्याच आहेत. अशा ठिकाणी उतरताना वाहकाला ‘परत गाडी किती वाजता’ असे न विचारता ‘शेवटची गाडी किती वाजता आणि ती मुक्कामी आहे का’ असे विचारावे. संध्याकाळी साताऱ्याहून येणारी मुक्कामी गाडी गावातच रात्र काढते आणि पहाटे निघते. तिच्या भरवशावर बसलेला माणूस गावातच अडकतो. शाळांच्या सुट्टीत शाळेच्या वेळेच्या फेऱ्या बंद राहतात. आषाढी वारी आणि पौषातल्या मांढरदेवच्या यात्रेच्या काळात गाड्या तिकडे वळवल्या जातात, तेव्हा खेड्यांच्या वेळापत्रकावर विसंबू नये. स्थानकातल्या चौकशी खिडकीवर त्याच दिवशी सकाळी विचारावे. परतीची शेवटची गाडी न धरता तिच्या आधीची धरायची, असा बेत ठेवला की वडापच्या, म्हणजे खासगी शेअर जीपच्या, मागच्या पायरीवर लोंबकळण्याची वेळ येत नाही.

पुण्याहून किंवा कोल्हापूरकडून साताऱ्याला येणाऱ्यांनी गाडी ‘गावात’ जाते का, हे चढण्यापूर्वीच विचारून घ्यावे. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या, विशेषतः खासगी, प्रवाशांना महामार्गावर बॉम्बे रेस्टॉरंट चौकात किंवा वाढे फाट्याला सोडतात आणि रात्री तिथून शहरात यायला रिक्षा सांगेल ते भाडे द्यावे लागते. स्वारगेटसाठी विनाथांबा विनावाहक गाडी असेल तर तिकीट खिडकीवरच काढून मग चढायचे असते. गाडीत तिकीट मिळत नाही, आणि रविवारी संध्याकाळची रांग लक्षात घेऊन अर्धा तास आधी जाणे बरे.

आमची वाईहून परतीची गाडी वेळेवर होती. समजा ती चुकली असती, तर वाईहून पाचवडला जाणारी कोणतीही गाडी किंवा वडाप धरून महामार्गावर उभे राहणे हा दुसरा रस्ता असतो. पुण्याकडून येणाऱ्या साध्या गाड्या तिथे हात दाखवल्यावर थांबतात, वेगवान गाड्या थांबत नाहीत. दोघा धडधाकट माणसांना हा मार्ग चालेल. वृद्ध किंवा लहान मूल बरोबर असेल तर तिथे अंधारात उभे न राहता वाई स्थानकातच पुढच्या गाडीची वाट पाहावी आणि अगदीच गाडी नसेल तर साताऱ्यापर्यंतच्या भाड्याच्या वाहनासाठी हजारभर रुपये खिशात निराळे ठेवावेत.