फ्रीजचं रबर, भाग चौथा: खालचा कोपरा पुन्हा उघडला

अकरा दिवस. बरोबर ११ दिवस टिकला तो कोपरा. काल रात्री सवयीने आत टॉर्च ठेवला, खोलीतला दिवा मालवला, आणि मुठीकडच्या खालच्या कोपऱ्यात उजेडाची तीच बारीक कोर. मागच्या भागात ठोकलेली विजयाची आरोळी मागे घेतो. ‘आठवडाभर थांब, मग बोल’ म्हणणाऱ्यांना साष्टांग दंडवत. तरी तुमचाही आठवडा कमीच पडला.

नवीन मंडळींसाठी एवढंच: फ्रीजच्या दाराच्या रबराची तयार चौकट मागवली होती, तिची दाराच्या खाचेत बसणारी कड जाड निघाली. विकणारा शेवटपर्यंत ‘मॉडेल नंबर जुळतोय ना’ एवढंच म्हणत राहिला. मॉडेल नंबरने रबर बसत नाही, आडवं कापल्यावर दिसणाऱ्या छेदाच्या आकाराने बसतं. म्हणून मीटरवर मिळणारं रबर आणि त्याच्या आतल्या खिशात सरकवायची, दार ओढून धरणारी वेगळी चुंबकपट्टी आणून, ४५ अंशांत कापून, कोपरे तापल्या पात्याने स्वतः जोडले. ते चारही सांधे मला आजही आवडतात. पात्यावर टेफ्लॉनचा कागद गुंडाळला की रबर चिकटत नाही, आणि ते तपकिरी पडायच्या आत पातं काढायचं. रबर म्हणतो ते खरं तर पीव्हीसी प्लास्टिक, जळालं की घशाला झोंबणारा आम्लाचा धूर सोडतं, तेव्हा खिडकी उघडी हवीच.

अर्थात पहिला संशय सांध्यावर. ओढला, पिळला, उलटा केला, ढिम्म हलला नाही. मग दार लोंबतंय का पाहिलं. बिजागरीचा बुश (खिळीभोवतीची छोटी नळी) ठीक, पुढचे पाय जरासे उंच, दार सोडलं की आपलं आपण मिटतं. शेवटी वैतागून अख्खं रबर काढलं आणि मापाचा टेप लावला. उभी खाच ११४२ मिलिमीटर, रबर ११३७. दुसरी उभी बाजूही तशीच. आडव्या बाजू २-२ ने आखूड.

कापतानाची मापं वहीत आहेत, तीनदा घेतलेली. म्हणजे कापण्यात चूक नाही, रबर नंतर आखडलं. आणि गुन्हेगार मीच. जोडून झाल्यावर गुंडाळीच्या घड्या जाव्यात म्हणून सगळी चौकट गरम पाण्यात बुडवली होती. आपण सगळे एकमेकांना देतो तोच सल्ला! हे रबर साच्यातून बाहेर पडताना ओढलं जातं आणि तो ताण थंड होताना आतच गोठतो. उष्णता लागली की सुटतो, लांबी कमी होते. जुन्या रबराला गरम पाणी देऊन कुणाला त्रास का होत नाही? माझा तर्क असा की त्याचा ताण वर्षानुवर्षांत सुटून गेलेला असतो. बसवताना मी थोडं ओढूनच बसवलं असणार. मग कड खाचेतून दिवसाला थोडी थोडी सरकत गेली आणि कोपरा आत ओढला गेला.

उपायांमध्ये सुपरग्लू आणि सिलिकॉन कुणी सुचवू नये. पहिलं कडक होऊन तडकतं, दुसरं या रबरावरून सालीसारखं निघून येतं. दोन्ही भाग दुसऱ्यात करून झालंय. चुंबकपट्टी दुहेरी घालायची सूचनाही नको. दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे. बाहेरच्या खटक्याने बंद होणाऱ्या जुन्या फ्रीजमध्ये मुलं अडकून गुदमरायची, म्हणून अमेरिकेने १९५६ मध्ये त्यासाठी कायदाच केला. ओढ वाढवून गळती झाकणं म्हणजे तिकडेच परत जाणं.

ठरवलं होतं ते असं: दोन्ही उभ्या बाजूंच्या मध्यावर ६० मिलिमीटरचा तुकडा काढायचा आणि ६५ चा घालायचा. नुसता ५ चा काप घालायचा तर पातं धरायला जागाच नाही. चुंबकपट्टीचा जोड मात्र रबराच्या सांध्यापासून चार बोटं लांब, नाहीतर दोन्ही अशक्त जागा एकावर एक.

पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट खटकली. चारही बाजू आखूड, मग उजेड एकाच कोपऱ्यात का? लेखन टाकून उठलो, कोपरा बोटांनी चाचपला. आत पट्टीचं टोक कडक लागलं! पट्टी मी दोन्ही टोकांना २-२ मिलिमीटर आखूड ठेवली होती. खिसा ५ ने आखडला, फेराइट (चुंबकी भुकटी) भरलेली पट्टी जवळपास तशीच राहिली, म्हणजे आता तीच १ ने लांब. स्वतःच्या वजनाने खाली सरकून ती कोपऱ्याला आतून बाहेर ढोसतेय. बिजागरीकडे दार रबराला दाबतं म्हणून तिथे दिसलं नसावं.

खिशाला मागून बारीक चीर दिली, पट्टीचं टोक बाहेर काढून ६ मिलिमीटर छाटलं, परत ढकललं. (उलटी घालू नका. एकच बाजू जोरात ओढते, आधी स्क्रू चिकटवून बघा.) चौकट दारावर चढवली, टॉर्च लावला. कोर निम्म्याहून कमी. दारात धरलेला कागद अडकतो, पण ओढला की कुरकुरत सुटतो. उरलेली फट आखूडपणाची, तिला तुकडाच लागणार.

आता तो तुकडा आधी गरम पाण्यात आणि मगच मापाला. मीटरभराहून थोडं जास्त रबर शिल्लक होतं, त्यावर १००० मिलिमीटर अंतराने दोन खुणा केल्या आणि घातलं बादलीत. आत्ताच टेप लावून आलो: ९९६.