तुम्ही विचारलंत म्हणून: आयर्लंडातलं गाव कसं शोधायचं?

‘आजी किलमोर की असंच काहीतरी म्हणायची. एवढ्यावरून आयर्लंडातलं मूळ गाव सापडेल का?’ मी बॉस्टनला असते आणि सासरच्या घराण्याचं गाव मी शोधून काढलं, म्हणून नात्यागोत्यातलं कुणी ना कुणी मला हे विचारतंच. सापडतं. फक्त नकाशा आधी उघडू नका.

टाउनलँड म्हणजे गावाहूनही लहान, स्वतंत्र नावाचे जमिनीचे तुकडे. आयर्लंडात ते साठ हजारांवर आहेत. किलमोर तर आपल्या वडगावसारखं, कुठलं ते विचारावंच लागतं. शिवाय कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं. कधी घरात जपलेलं नाव गावाचं नसतंच, ते क्वीन्सटाउनसारखं बोट पकडलेलं बंदर निघतं.

म्हणून सुरुवात अमेरिकेतल्या कागदांपासून करा. चर्चमधली लग्नाची नोंद, मृत्यूची बातमी, थडग्याचा दगड. इथल्या ‘पायलट’ वृत्तपत्रात १८३१ पासून हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत, त्यांत पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) आणि काउंटीही (आपल्या जिल्ह्यासारखी) असे. आमच्याकडे दगडावर ‘काउंटी रॉसकॉमन’ कोरलेलं होतं. तिथे किलमोर नावाची पॅरिश आहे.

पुढची अडचण मोठी. १९२२ च्या यादवीत डब्लिनचं सरकारी दफ्तर जळालं, त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या. मला अजूनही याची हळहळ वाटते. ती उणीव थोडीफार ग्रिफिथची जमीनपाहणी भरून काढते: १८४७ ते १८६४, कुणाकडे कुठली जमीन खंडाने होती त्याची यादी. तिच्यात एकच आडनाव शोधू नका. नवऱ्याचं आडनाव आणि बायकोचं माहेरचं आडनाव, दोन्ही शेजारशेजारच्या टाउनलँडमध्ये दिसली की तिथेच थांबून खोदा. आम्हाला तशी जोडी मिळाली.

मग बाप्तिस्म्याच्या वह्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून त्या सगळ्यांना मोफत खुल्या केल्यात. शाई पसरलेली, नोंदी लॅटिनमध्ये, जेम्सचा ‘याकोबुस’ झालेला. आमच्या पानावर धर्ममातेचं, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणाऱ्या बाईचं, नाव वाचलं आणि अंगावर काटा आला. हीच बाई पुढे बॉस्टनच्या जनगणनेत याच कुटुंबाच्या घरात राहताना दिसते! गावाबद्दलची माझी खात्री तिच्यामुळे पटली.

तेव्हा मला विचारायला याल तेव्हा पणजीचं माहेरचं आडनावही घेऊन या. ते ठाऊक नसेल, तर आधी तेच शोधू.