झुकिनी मोठी नको, कोवळी घ्या

झुकिनी घेताना बरेच जण ढिगातली सगळ्यात मोठी उचलतात आणि मग म्हणतात की ह्या भाजीला चवच नाही, नुसतं पाणी. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण दोष भाजीचा नसतो, निवडण्याचा असतो. झुकिनी ही भोपळ्याच्याच जातीतली, फक्त ती पिकायच्या खूप आधी, कोवळी असताना खायची. वाढू दिली की साल जाड होते, बिया निबर होतात, आतला गर स्पंजसारखा होतो, आणि मुळात ९०-९५ टक्के पाणीच असलेल्या फळात मग गोडवा कुठून राहणार?

म्हणून मी आधी साइझ बघते. १५ ते २० सेंमी लांब, हाताच्या मुठीत सहज मावेल एवढी जाड, बस. मग देठ बघायचं, हे फार कमी लोक बघतात पण माझ्या मते ताजेपणा सगळ्यात आधी तिथेच कळतो, हिरवं आणि कापलेल्या जागी थोडं ओलसर असेल तर नुकतीच तोडलेली, सुकून तपकिरी पडलं असेल किंवा मऊ झालं असेल तर ठेवून द्या परत. साल चकचकीत हवी, हातात घेतल्यावर दिसते त्यापेक्षा जड वाटली पाहिजे, आणि देठाच्या विरुद्ध टोकाकडे हलकं दाबून बघा, ते टोक बऱ्याचदा आधी मऊ पडतं. बारीक ओरखडे असले तर काही बिघडत नाही, साल इतकी नाजूक असते की ओरखडे पडणारच, खड्डे आणि पाणचट डाग मात्र नकोत. पिवळी की हिरवी ह्यावर फार विचार करू नका, दोन्हीला हेच नियम.

घरी आणल्यावर धुवून ठेवू नका, ओलाव्याने लवकर सडते. फ्रीजच्या अगदी थंड भागातही नको, ५ डिग्रीच्या खाली जास्त दिवस राहिली की सालीवर खड्डे पडायला लागतात. केळी-सफरचंदांपासून लांब ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा.

पण खरी कोवळी झुकिनी हवी असेल तर लावाच! ऊन दिवसातले सहा तास तरी हवं, माती उबदार हवी, बी साधारण इंचभर खोल टाकायचं आणि दोन रोपांत दोन-तीन फूट अंतर, कारण बहुतेक जाती वेलासारख्या पसरत नाहीत, झुडपासारख्या वाढतात पण पानं प्रचंड मोठी होतात. जवळजवळ लावली की हवा खेळत नाही आणि पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पावडरीसारखी बुरशी, येते. दीड-दोन महिन्यांत फळं सुरू होतात.

सुरुवातीला नुसती फुलं येतात आणि फळ काही धरत नाही तेव्हा लोक घाबरतात, पण बऱ्याचदा ती सगळी नर फुलं असतात, मादी फुलं मागून येतात आणि त्यांच्या मागे इवलीशी झुकिनी आधीच दिसत असते. ती वाढायच्या ऐवजी पिवळी पडून गळली तर बहुतेक वेळा परागीकरण झालेलं नसतं, मग सकाळी फुलं उघडी असताना नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच लावायचे. फळ धरलं की मात्र रोज झाडाकडे जा, आठवड्याच्या आत तोडायला येतं, आणि एखादं पानाखाली राहून भलंमोठं झालं की झाड बिया पिकवण्यात ताकद घालवतं, नवीन फळं कमी येतात.

बी शक्यतो विकतचं घ्या. घरच्या फळातलं बी शोभेच्या किंवा जंगली भोपळ्याशी संकर झालेलं असू शकतं आणि त्यातून येणारी झुकिनी कडू निघू शकते. कापल्यावर कच्चा छोटा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंकून टाका आणि ती आख्खी फेकून द्या, शिजवून कडूपणा जात नाही आणि त्याने उलट्या-जुलाबाचा जोरदार त्रास होतो.