आमची वाटचाल : लोड लावून मोजलेले २८ मिलिवॅट

इचलकरंजीतल्या प्रोसेस हाऊसमधून रंगाईचं पाणी ७५-८० अंशांना गटारात सुटतं. त्या उष्णतेवर चालणारे विद्युत-रासायनिक घट आम्ही बनवतो. पाइपावरच्या वायरलेस सेन्सरला तेवढी वीज पुरते, बॅटरी बदलावी लागत नाही.

द्रावण साधं आहे : १ लिटरमध्ये १३२ ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड आणि १६९ ग्रॅम फेरोसायनाइड (खड्यांचं). डिस्टिल्ड पाणी आधी उकळून गार करायचं. नाहीतर विरघळलेली हवा तापल्यावर सुटते, वरच्या गरम कार्बन कापडाला (हाच घटाचा इलेक्ट्रोड) बुडबुडे चिकटतात आणि करंट पडतो. उजेडापासून जपायचं. ॲसिडजवळ तर अजिबात न्यायचं नाही, विषारी वायू सुटतो.

घटाच्या गरम आणि गार बाजूंतल्या दर अंश फरकाला सुमारे १.४ मिलिव्होल्ट मिळतात. ४० अंशांच्या फरकाला ५६, दहा घटांच्या माळेला ५६०. माळेचा अंतर्गत रोध आम्ही २.८ ओहमवर आणला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. शॉर्ट केलं, म्हणजे दोन्ही टोकं थेट जोडली, की २०० मिलिअँपिअर.

इथेच एका स्पर्धकाने आमचं कंबरडं मोडलं. तशाच माळेच्या पत्रकावर त्याने ५६० गुणिले २०० करून ११२ मिलिवॅट छापले. अहो, टोकं उघडी असताना करंट शून्य, शॉर्ट असताना व्होल्टेज शून्य! दोन्ही एकदम मिळतीलच कसे? २.८ ओहमचा लोड, म्हणजे वीज वापरणारा रोध, लावला की २८० मिलिव्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर, म्हणजे २८ मिलिवॅट. बरोबर चौथा हिस्सा. आम्ही २८ छापले, ऑर्डरी ११२ कडे गेल्या. शेडचं भाडं थकलं, कामगारांचे पगार अडले. तो राग अजून गेलेला नाही.

तेव्हा आमचे एकच गिऱ्हाईक टिकले, एका प्रोसेस हाऊसचे मालक. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी दोन्ही माळा एकाच पाइपावर बसवल्या, हवा तेवढा रोध लावता येणारा रेझिस्टन्स बॉक्स मागवला आणि लोड फिरवत स्वतः आकडे लिहिले. दोन्हीकडे २८च्या आसपासच आले. मग आपल्या सगळ्या लाइनींची ऑर्डर त्यांनी आम्हाला दिली, आणि ते आकडे दाखवून पुढची गिऱ्हाइकंही आली.

माळ कुणाकडूनही घ्या, पण मोजण्याआधी अर्धा तास तापमान स्थिर होऊ द्या. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) पाइपाला न लावता कापडाच्या पाठीशी लावा, कारण पाइप ८० दाखवतो तेव्हा कापड ७५लाच असतं. बोल्टही तपासा : दर सांध्याला ०.०५ ओहम वाढला तरी दहा घटांत अर्धा ओहम जातो. पावसाळा संपला की तांब्याच्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळा.