टाकीचा स्लॅब, ड्रोनचा कंपास आणि माझे सव्वीस दिवस

ड्रोन चालवायचं प्रमाणपत्र मिळायला लागले त्यापेक्षा जास्त दिवस तो ड्रोन हवेत एका जागी उभा करायला गेले. सव्वीस दिवस. तेही ऐन पावसाळ्यात, उसावर तांबेरा पसरत असताना, आणि सात जणांची फवारणी अंगावर घेऊन बसलेलो असताना. आमच्या पलूस, वाळवा भागात आता बरीच पोरं फवारणीचे ड्रोन घ्यायला लागलीत. त्यातल्या एकाचे तरी दिवस वाचावेत म्हणून लिहितोय. राग अजून गेलेला नाही, तो मधे मधे दिसेल.

प्रशिक्षणाचं फार सांगण्यासारखं नाही. दहावी पास आणि वय १८ ते ६५ एवढं असलं की बसता येतं. माझं पाच दिवसांत उरकलं: थोडी थिअरी, कॉम्प्युटरवर खोटं उडवणं, मग मैदानात खरं. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं.

थिअरीत मात्र एक तास फार चांगला झाला. सरांनी फळ्यावर सहा गोल काढले. म्हणाले, छोट्या विमानाच्या पायलटपुढं पूर्वापार ह्या सहा तबकड्या असतात. वेग, क्षितिज, उंची वरच्या ओळीत; वळण, दिशा आणि चढउताराचा वेग खालच्या ओळीत. वेग मोजायला समोर तोंड केलेली एक नळी असते, पिटो ट्यूब. समोरून घुसणाऱ्या हवेचा दाब आणि नुसत्या स्थिर हवेचा दाब, यांतल्या फरकावर काटा हलतो. नळीत गांधीलमाशीनं घर केलं तर काटा खोटं बोलतो. म्हणून उभ्या विमानाच्या नळीवर टोपी घालतात आणि उडण्याआधी आठवणीनं काढतात. आपल्या ड्रोनला ही नळी नसते. बाकीची कामं मात्र नखाएवढ्या चिपा करतात.

उंचीचं मला लगेच पटलं, कारण ते घरी करून बघता आलं. पुतण्याच्या मोबाइलमध्ये हवेचा दाब दाखवणारा सेन्सर आहे. त्याला गाडीवर मागं बसवून सागरेश्वरच्या डोंगरावर नेलं. जसजसं वर जाऊ तसतसा आकडा उतरायचा. साधारण नऊ मीटर चढलं की एक हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं माप) कमी. विमानातला उंची दाखवणारा काटा हेच करतो. तो उंची मोजत नाही, दाब मोजतो आणि उंची सांगतो. म्हणून पायलटला विमानतळावरून त्या वेळचा दाब विचारून तबकडी जुळवून घ्यावी लागते. खूप वर गेलं की मग सगळेच १०१३.२५ हेक्टोपास्कलवर लावतात. सगळ्यांचे काटे एकाच मापानं बोलले म्हणजे दोन विमानांमधलं अंतर खरं राहतं. आपला ड्रोन जिथून उडतो ती जागा शून्य धरतो. चढाच्या रानात हे लक्षात ठेवा, नाहीतर बांध वर येतो आणि ड्रोन म्हणतो मी अजून तीन मीटरवर आहे. फवारणीच्या ड्रोनला पोटाखाली रडार देतात ते यासाठीच.

आता मूळ दुखणं.

ड्रोन आला, टेम्पोतून उतरवला, पेढे वाटले. ॲपनं सांगितलं, कंपास (दिशा ओळखणारी चिप) कॅलिब्रेट करा, म्हणजे जुळवून घ्या. आमच्या घरासमोर जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचा सिमेंटचा स्लॅब आहे. सपाट, स्वच्छ, चिखल नाही. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात दुसरी अशी जागा शोधून सापडत नाही. मी एका बाजूनं, पुतण्या दुसऱ्या बाजूनं, असा ड्रोन उचलला आणि आधी आडवा, मग नाक खाली करून गोल फिरवला. ॲपवर हिरवी खूण आली. नारळ फोडला आणि शेजारच्या आण्णांच्या उसावर गेलो.

ड्रोन तीन मीटर वर गेला आणि फिरायला लागला. स्वतःभोवती नाही, एका अदृश्य खांबाभोवती. पहिला फेरा ताटाएवढा, दुसरा गाडीच्या चाकाएवढा, तिसरा बैलगाडीएवढा. आण्णा बांधावर उभे होते. म्हणाले, "हे फवारतंय का प्रदक्षिणा घालतंय रे?" चौथ्या फेऱ्याला मी घाबरून खाली आणला, तो उसाच्या कडेच्या सरीत टेकला आणि पंख्याचं एक पातं गेलं. मला वाटलं वारा असेल. वारा नव्हता.

मग सुरू झाली कंपनीची हेल्पलाइन. नाव घेत नाही, सगळ्यांच्या सारख्याच असतील. पहिल्या दिवशी, "सर, कंपास रिकॅलिब्रेट करा." केला. कुठं? टाकीच्या स्लॅबवर. परत तेच. तिसऱ्या दिवशी दुसरा मुलगा, "सर, रिकॅलिब्रेट करून बघितलं का?" परत स्लॅबवर. पाचव्या दिवशी त्यांनी उड्डाणाची लॉग फाइल मागितली. आमच्याकडं पावसात रेंज असते कुठं, ती फाइल मी रात्री एक वाजता किर्लोस्करवाडी स्टेशनसमोर उभं राहून चढवली. आठवडाभर उत्तर नाही. फोन केला की तिकीट नंबर विचारायचे. तो नंबर मला आता स्वतःच्या गाडीच्या नंबरासारखा पाठ आहे. शेवटी म्हणाले, पाठवून द्या.

पाठवला. तिकडून व्हिडिओ आला: त्यांच्या मैदानावर माझाच ड्रोन खांबाला बांधल्यासारखा शांत उभा. बरोबर चिठ्ठी, तपासणीत दोष आढळला नाही. ट्रान्सपोर्टचं भाडं जाताना माझं, येताना माझं. सोबत सूचना: नवीन ठिकाणी नेल्यावर कंपास पुन्हा कॅलिब्रेट करावा.

तुम्ही ओळखलंच असेल मी कुठं केला.

सव्विसाव्या दिवशी पुतण्या स्लॅबवर बसून मोबाइलशी चाळा करत होता. ज्या मोबाइलनं सागरेश्वरला दाब दाखवला, त्यातच चुंबकत्व मोजणारं फुकटचं ॲप टाकलेलं. म्हणाला, "काका, हितं बहात्तर दावतंय." मी म्हटलं, मग? तो उठून गोठ्यामागच्या पडीक मुरमाड तुकड्यात गेला आणि तिथून ओरडला, "हितं एक्केचाळीस!" परत स्लॅबच्या दुसऱ्या कोपऱ्यात, पंचावन्न.

पृथ्वीचं चुंबकत्व आपल्या भागात ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं, ॲपमधले आकडे त्याच मापात. टाकीच्या स्लॅबमध्ये काय आहे? सळ्या. मीच उभं राहून गवंड्याला सांगितलेलं, गाडी चढली तरी हलला नाही पाहिजे, दुप्पट सळी टाक.

कॅलिब्रेशन म्हणजे काय ते मला तेव्हा खरं कळलं. ड्रोनच्या अंगातही लोखंड असतं, मोटरीत चुंबक असतात. गोल फिरवल्यावर कंपास शिकतो की यातलं कुठलं चुंबकत्व माझ्या स्वतःच्या अंगातलं आणि कुठलं पृथ्वीचं. अंगातलं तेवढं तो कायमचं वजा करतो. आम्ही त्याला स्लॅबवर फिरवत होतो, तेव्हा कंपास कधी सळीजवळ, कधी लांब. त्या बिचाऱ्यानं सळ्या आपल्याच अंगातल्या समजून वजा केल्या. उसात गेल्यावर सळ्या कुठल्या? पण तो वजाबाकी करतच राहिला आणि उत्तर भलतीकडं धरून बसला.

आता गोल फेऱ्यांचं. समजा ड्रोन वाऱ्यानं पूर्वेला हातभर सरकला. उपग्रह सांगतात, तू पूर्वेला गेलास. तो म्हणतो, ठीक, पश्चिमेला जातो. पण त्याची पश्चिम पन्नास अंशांनी फिरलेली, म्हणून तो नैर्ऋत्येकडं सुटतो. उपग्रह म्हणतात, आता दक्षिणेला आलास. तो उत्तरेला निघतो आणि तिसरीकडंच जातो. प्रत्येक दुरुस्ती वाकडी, आणि वाकड्या दुरुस्त्यांचा मिळून गोल.

मी पुतण्याला विचारलं, जीपीएस असताना कंपास लागतोच कशाला? ह्याचं उत्तर थिअरीच्या वहीत होतं. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवरून फिरतात आणि तुम्ही कुठं आहात ते सांगतात. तुमचं तोंड कुठं आहे ते सांगत नाहीत. चालत्या गाडीचं कळतं, उभ्याचं नाही. जायरोला, म्हणजे वळण ओळखणाऱ्या चिपेला, वळणं कळतं, पण त्याची चूक हळूहळू साचत जाते. डावी-उजवीकडं किंवा पुढं-मागं झुकण्यातली चूक गुरुत्वाकर्षणावरून सुधारता येते, कारण खाली कुठं आहे हे ड्रोनला कायम कळतं. पण स्वतःभोवती गरकन फिरलं तरी खाली ते खालीच राहतं. उत्तर कुठं हे सांगणारा शेवटी कंपासच. आता महागड्या ड्रोनवर दोन अँटेना लावून त्यांच्यामधल्या रेषेवरून तोंड ओळखतात. माझ्या बजेटात ते नव्हतं.

विमानवाल्यांनी हे दुखणं फार आधी भोगलंय. छोट्या विमानात दिशेची तबकडी जायरोवर चालते आणि पायलट दर दहा-पंधरा मिनिटांनी ती साध्या चुंबकी कंपासशी जुळवून घेतो. त्या कंपासशेजारी एक कार्ड चिकटवलेलं असतं: ह्या दिशेला एवढा अंश चुकतो, त्या दिशेला तेवढा. ते कार्ड तयार करताना विमान लोखंडापासून लांब ठरलेल्या जागी नेऊन एकेका दिशेला उभं करतात. मोठ्या विमानांत चुंबकत्वाचा सेन्सर पंखाच्या टोकाला किंवा शेपटाकडं ठेवतात, इंजिन आणि वायरींपासून जमेल तेवढा दूर. आपल्या ड्रोनवरची ती काडी, जिच्यावर जीपीएसची डबी बसवलेली असते, ती त्यासाठीच उंच. बॅटरीच्या वायरीतून जाणाऱ्या करंटचंही चुंबकत्व असतं.

आणि आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट ऐका. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिची नोंद बिघडेल म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली. ट्रामला घाबरून समुद्र ओलांडला त्यांनी. मी दुप्पट सळीवर नाचत होतो.

माझा राग एवढाच आहे की सव्वीस दिवसांत, मोजून अकरा फोन, त्यातल्या एकानंही "कुठं उभं राहून करता?" एवढं विचारलं नाही. मॅन्युअलमध्ये ओळ आहे, खरं आहे. 'धातूच्या वस्तूंपासून दूर.' सिमेंट म्हणजे धातू हे मला सुचलं नाही. आणि लपवत नाही, कोर्सच्या परीक्षेत कंपास बिघडवणाऱ्या गोष्टींवर प्रश्न होता. मी बरोबर सोडवला होता.

मुरमाड तुकड्यात कॅलिब्रेशन करायला चार मिनिटं लागली. त्या आधी पुतण्यानं माझ्या बोटातली अंगठी काढायला लावली, घोड्याच्या नालेची, शनीसाठी घातलेली. एका अंगठीनं फार फरक पडत नसेल, पण त्या दिवशी मी वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. मग आण्णांच्या उसावर गेलो. वर घेतला, रिमोटच्या काठीवरून हात काढले. उभा राहिला. पाती फिरताहेत, खाली उसाचा पाला वाकतोय आणि हा जागचा हलत नाही. आण्णा काही बोलले नाहीत, नुसतं पुढं बोट केलं, हां, चल आता. दहा लिटरची टाकी, एक एकर, चहा निवायच्या आत.

आठवेल तसं सांगतो. रोज कॅलिब्रेट करू नका. पार्ट बदलला, ड्रोन आपटला किंवा फार लांबच्या मुलखात नेला तरच. वर घेतल्यावर पहिले दहा सेकंद नुसता उभा ठेवा, गोल घ्यायला लागला तर लगेच खाली, 'घरी परत ये' बटण दाबू नका. घर कुठल्या दिशेला हेच त्याला कळत नसतं. पिकअपच्या शेजारून, बोअरच्या केसिंगजवळून उडवू नका. प्रमाणपत्राच्या फॉर्मसाठी पूर्वी पासपोर्ट लागायचा, सप्टेंबर २०२३ पासून मतदार कार्ड, रेशन कार्ड चालतं, एजंटानं पासपोर्टचे पैसे मागितले तर देऊ नका. कराड किंवा कोल्हापूर विमानतळाच्या बाजूची गावं असतील तर ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणारा झोनचा नकाशा आधी बघा. हिरव्या झोनमध्ये एरवी ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. आणि पाती दोन जोड जास्तीची घेऊन ठेवा, वेळेला मिळत नाहीत.

चुंबकत्व मोजायचं ते ॲप मात्र ड्रोनच्या आधी घ्या आणि आपल्या अंगणात एक चक्कर मारा. आमच्या टाकीवर ते अजून सत्तरच्या वरच दाखवतंय.